पुढच्या वीस वर्षांचा हिशेब

कोल्हापूर आणि शिक्षण म्हटले की शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय सगळ्यांना आठवतो. पण याच मातीतले दुसरे एक नाव आजच्या तरुण शिक्षकांना फारसे ठाऊक नसते. ते म्हणजे जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. पुढे १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारींच्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते.

या आयोगाने १९६६ साली पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडला. १९७५-७६ पर्यंत प्रत्येक मुलाला पाच वर्षांचे चांगले शिक्षण, १९८५-८६ पर्यंत सात वर्षांचे आणि तोवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर. आधी मुक्कामाचे साल ठरवायचे आणि मग आजपर्यंत उलटे मोजत यायचे, अशी ही रीत.

ठरले तसे झाले नाही. सहा टक्के आपण अजूनही गाठलेले नाहीत. २०२० च्या धोरणात पुन्हा तोच आकडा आहे. पण नाईकांनी स्वतःच आयोगाच्या शिफारशींचे काय झाले याचा झाडा घेतला. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९८२ साली आले. भविष्याचा विचार म्हणजे ज्योतिष नव्हे, तो असा असतो! अंदाज लिहून ठेवायचा आणि पुढे तो आपणच तपासायचा.

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला हवे, असे मला मनापासून वाटते. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासून आणि शाळांपासून तुटले आहे, हे त्याच अहवालात लिहिले होते. मला वाटते, ते काळापासूनही तुटलेले आहे. पाठाच्या टाचणाची नजर तासाच्या घंटेपर्यंतच पोचते. आणि वर्गातले मूल? १९६६ साली सहाव्या वर्षी पहिलीत बसलेले मूल २०२० साली साठीचे झाले. त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि त्याची नातवंडे मोबाईलवर शिकत होती. हे कुठल्या आयोगाला दिसले असते?

म्हणून एक साधा स्वाध्याय सुचवतो. सराव पाठाला गेल्यावर पहिलीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती तिशीची कोणत्या साली होईल ते काढा. मग वहीत दोन रकाने आखा. तेव्हा तिला नक्की लागेल ते एकात, आज सांगताच येत नाही ते दुसऱ्यात. पहिल्यात वाचून समजणे, हिशेब, प्रश्न विचारण्याचे धाडस येईल. दुसरा रकाना लांबत जाईल, तो लांबू द्या. वही मात्र टाकू नका. दर पाच वर्षांनी उघडून पाहा.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, ते पहिल्या रकान्यात आणखी काय लिहितील? जरूर कळवा.