अद्भुताचे सत्ताकारण : मराठी कादंबरीतील एक उपेक्षित शक्यता

अद्भुत म्हणजे वास्तवापासूनचे पलायन, हे समीकरण मराठी कादंबरीच्या समीक्षेत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला : मानवेतर शक्तींची कथा सांगताना लेखक सत्तेविषयी काय सांगत असतो? या प्रश्नाकडे वळण्यासाठी एक दूरचे आणि वरवर बालिश वाटणारे उदाहरण उपयोगी पडते. ते आहे नाताळच्या एल्फांचे, म्हणजेच सांताक्लॉजच्या ठेंगण्या, मायावी मदतनिसांचे.

युरोपीय लोकसमजुतीतील एल्फ मुळात सौम्य नव्हते. रोग आणि दुःस्वप्ने यांचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाई. १८२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लोकप्रिय नाताळ-कवितेत खुद्द संत निकोलसलाच एल्फ म्हटले आहे. शतकाच्या उत्तरार्धात मात्र एल्फ त्याच्या कारखान्यातले कामगार झाले आणि १८७३ च्या सुमारास नियतकालिकांतील चित्रांत खेळणी घडवताना दिसू लागले. यंत्रयुगातील श्रमाला कल्पितात मिळालेले हे रूप होय. हे श्रमिक अनामिक आहेत, आनंदी आहेत आणि वेतन मागत नाहीत.

एल. फ्रँक बॉम याने १९०२ मध्ये सांताक्लॉजच्या जीवनावर लिहिलेली कादंबरी या चित्रात सत्तासंघर्ष आणते. वनदेवतांनी वाढवलेला क्लॉज मुलांसाठी खेळणी करू लागतो, तेव्हा ऑग्वा नावाचे दुष्ट जीव त्याचे अपहरण करतात आणि पुढे खेळणी पळवतात. मुले समाधानी झाली की ती ऑग्वांच्या चिथावणीला बळी पडत नाहीत, हे त्यांच्या वैराचे कारण. अखेर वनाधिपती अ‍ॅक याच्या नेतृत्वाखाली अमर जीव युद्ध करतात. क्लॉज वृद्ध होऊन मृत्यूच्या दारी पोचतो, तेव्हा त्यांची सभा भरते आणि अमरत्वाचे एकमेव वस्त्र त्याला देण्याचा निर्णय होतो. म्हणजे येथील अद्भुताला संविधान आहे. त्यात सभा आहे, अधिकारांच्या मर्यादा आहेत आणि युद्ध पुकारण्याचे कारणही आहे. कल्पित दूरचे असले तरी सत्ता कोणत्या आधारावर न्याय्य ठरते, हा प्रश्न त्यात पूर्णपणे खरा आहे.

मराठीत अद्भुताची सुरुवात दुबळी नव्हती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. परंतु रिसबूडांनी आपल्या प्रस्तावनेत अद्भुताचे जे समर्थन केले, तेच पुढे त्याच्यावर उलटले. आपल्या समाजाच्या विवाहादी रीतींमुळे दैनंदिन जीवनात रंजक असे काही घडत नाही, म्हणून लेखकाला विलक्षण गोष्टींचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय होता. म्हणजे अद्भुत हे जीवनाच्या नीरसतेवरचा उतारा ठरले, जीवनाचे आकलन नव्हे. अशा बचावाचे खंडन करणे सोपे होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा कादंबरी व नाटक यांवरील १८७२ चा निबंध आणि १८८५ पासूनचे हरिभाऊ आपट्यांचे लेखन यांनी संभवनीयतेचा निकष स्थिर केला. त्यानंतर नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या (१९१३) कृतींना अमाप वाचक लाभला, पण गंभीर चर्चेत मानाचे स्थान लाभले नाही.

या घडामोडीत जे निसटले, ते कोकणाच्या संदर्भात विशेष जाणवते. रत्नागिरीपासून पावस-पूर्णगडापर्यंतच्या किनारपट्टीतील गावऱ्हाटी पाहावी. तेथील राखणदार हा एल्फासारखा सेवक नव्हे. तो जागेचा हक्कदार आहे. त्याची राखण द्यावी लागते, आणि ती चुकली तर तो जाब विचारतो अशी श्रद्धा असते. गुरव देवापुढे कौल लावतो, तेव्हा दैवी शक्ती गावाच्या निर्णयप्रक्रियेत सहभागी होते. शिमग्यातील पालखीचा मान कोणत्या घराण्याचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे न्यायालयापर्यंत गेले आहेत. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, मानाची उतरंड मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. येथे अदृश्य शक्ती ही सामाजिक सत्तेची सजावट नसून तिच्या वाटपाची भाषा आहे. ही भाषा वगळून लिहिलेले ‘वास्तव’ या गावांपुरते तरी अपुरे राहते.

ही भाषा कादंबरीच्या गाभ्याशी आणण्याचे श्रेय चिं. त्र्यं. खानोलकरांना द्यावे लागते. वेंगुर्ले परिसराच्या अनुभवातून आलेली ‘कोंडुरा’ १९६६ ची. तिच्यात मिळणारे वरदान अटींनी बांधलेले आहे. ते नायकाला गावात प्रतिष्ठा देते आणि त्याच वाटेने त्याला विनाशाकडे नेते. बॉमच्या विश्वात चांगली आणि वाईट शक्ती वेगवेगळ्या छावण्यांत उभ्या असतात, त्यामुळे युद्धाने निकाल लागू शकतो. खानोलकरांच्या विश्वात देणारी शक्ती आणि नाश करणारी शक्ती एकच असण्याची भीती आहे. देवीची आज्ञा कोठे संपते आणि माणसाची लालसा कोठे सुरू होते, हे ज्याला वरदान मिळाले त्यालाही सांगता येत नाही. १९७८ मध्ये श्याम बेनेगल यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा गावातील धनिकाच्या सत्तेशी असलेला तिचा संबंध अधिकच उघड झाला.

खानोलकरांच्या या कृतीला ‘गूढ’ असे विशेषण लावून समीक्षा बहुधा थांबते. हे विशेषण गौरवाचे असले तरी ते रिसबूडांच्याच गृहीताची पुनरावृत्ती करते : अद्भुत एका बाजूला, समाज दुसऱ्या बाजूला. वास्तविक ‘कोंडुरा’ ही अधिकाराच्या उगमाविषयीची कादंबरी आहे, आणि तिचे अद्भुत काढून घेतल्यास तिचे समाजदर्शनही उरत नाही. परकीय नाताळकथेशी केलेल्या तुलनेचा लाभ एवढाच की, अद्भुताला राजकारण असते हे तेथे ठळकपणे दिसते. आपल्या परंपरेतील ते राजकारण राखण, कौल आणि मान या शब्दांत आहे. ज्या दिवशी समीक्षा हे शब्द लोकसंस्कृतीच्या परिशिष्टातून उचलून कादंबरीच्या मीमांसेत आणील, त्या दिवशी एकोणिसाव्या शतकातील अद्भुत कादंबरीचेही पुनर्वाचन नव्याने करावे लागेल.