धनादेशाची अदायगी रोखणे

ग्राहकाने मालाच्या किंमतीपोटी दिलेल्या धनादेशाची (चेकची) रक्कम देऊ नये, अशी सूचना बँकेस देणे. पूर्वी अशा वेळी विक्रेत्यास दिवाणी दावा करावा लागे. फसवणुकीच्या फिर्यादीत ग्राहकाचा हेतू मुळापासून कपटाचा होता, हे सिद्ध करावे लागे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ यात १९८८ मध्ये घातलेल्या कलम १३८ नुसार १ एप्रिल १९८९ पासून धनादेशाचा अनादर हा अपराध ठरला. तथापि कलमाचा रोख अपुऱ्या शिलकेवर होता. धनादेश बँकेत सादर होण्यापूर्वी अदायगी रोखल्यास ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. मोदी सिमेंट्स खटल्यात (१९९८) ते मत अमान्य झाले. मात्र खात्यात पुरेशी रक्कम होती व रोखण्यास रास्त कारण होते, हे ग्राहकास सिद्ध करता येते.

अनादराची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत विक्रेत्याने लेखी मागणी करावयाची असते. ती पोहोचल्यावर १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास पुढील एका महिन्यात तक्रार करता येते. दशरथ रूपसिंग राठोड खटल्याच्या निर्णयामुळे (२०१४) नागपूरच्या बँकेवरील धनादेशासाठी अंधेरीच्या विक्रेत्यास नागपूर गाठावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने विक्रेत्याचे खाते असलेल्या शाखेच्या ठिकाणचे न्यायालय अधिकारी ठरले. दंड दुप्पट रकमेपर्यंत होऊ शकतो व त्यातून भरपाई देता येते. दिवाणी दाव्याचा मार्गही खुला राहतो.