विजयालक्ष्मीचा खटला आणि ताराबाईंचे उत्तर

मागच्या व्याख्यानात आपण बातमी आणि निवाडा यांतला फरक पाहिला. आज तो एका जुन्या खटल्यात पाहू. साल १८८१. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी, तरुण ब्राह्मण विधवा. लोकलाजेच्या भीतीने नवजात मूल मारल्याचा तिच्यावर आरोप. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे फाशीऐवजी काळे पाणी झाले आणि अखेरीस शिक्षा पाच वर्षांवर आली.

खटल्याचे असे झाले. वर्तमानपत्रांत काय झाले ते बघा. 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या एका बाईवरून एकूण स्त्रियांच्या, त्यातही नव्या चालीच्या स्त्रियांच्या, नीतीवर कोरडे ओढले. 'एक' वरून 'सर्व' निघत नाही, हे आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवायचो. पण संपादकांना ते कळत नव्हते असे समजायचे कारण नाही. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता, मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, सुधारकांशी भांडण जुंपले होते. त्या भांडणात ओलपाडची विधवा म्हणजे आयती हाती आलेली काठी! आणि हे कुठे, तर ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते तिथे. फसलेल्या विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल जगावे, एवढ्यासाठी ते घर होते. रोग काय नि औषध काय, दोन्ही गावातच होते.

या चर्चेला उत्तर आले ते बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे या सत्यशोधक कार्यकर्त्याच्या कन्या. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' छापले. पुस्तक लहानसे, प्रती अवघ्या ५००. आपण पुस्तकाचे नाव नीट वाचत नाही, बरं का. 'तुलना' ही तिथे पद्धत आहे. बायकांवर ठेवलेला एकेक दुर्गुण बाई उचलतात आणि विचारतात, हा पुरुषांत नाही काय? साहस, कपट, व्यभिचार, एकेक करत सगळे. 'स्त्रिया निर्दोष आहेत' असा दावा त्या करीतच नाहीत. माप दोघांना एकच लावा म्हणतात. भाषा मात्र घरातली, तिखट, दम न खाता बोलणारी. आमच्या मते निबंधाचे अर्धे बळ त्या भाषेत आहे.

पुस्तक रुचले नाही ते फक्त सनातन्यांनाच असे नव्हे. सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही टीका झाली. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र सामसूम. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्यापाशी नाही. हेही हरवल्यात जमा होते, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी.