फायबरग्लास नौकेचा कुजणारा गाभा

फायबरग्लासची नौका कुजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. काचतंतू आणि रेझिन यांच्यापुरता तो खराही आहे. परंतु अनेक शीडनौकांचा आणि सहलीच्या नौकांचा डेक निव्वळ फायबरग्लासचा नसतो. काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या लाकडाचा गाभा बसवून तो तयार केलेला असतो. कालांतराने कुजतो तो हा गाभा. बाहेरचा थर अभंग दिसत असल्यामुळे ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत बहुधा बराच उशीर झालेला असतो.

डेकवर माणूस उभा राहिला की वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. या दोन थरांतील अंतर जितके अधिक, तितका डेक ताठ. हे अंतर राखणे आणि थरांना एकमेकांवरून सरकू न देणे, एवढेच गाभ्याचे काम. त्यासाठी फार मजबूत लाकूड लागत नाही, हलके लागते. म्हणून दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारा बाल्सा वापरला जातो. त्याचे वजन घनमीटरला सुमारे १५० किलो, तर सागाचे साधारण ६५० किलो. शहापूर-मुरबाडच्या जंगलांत वाढणाऱ्या सागाच्या अंगी कुजण्याला विरोध करणारे नैसर्गिक तेल असते. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागातून घडविलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. बाल्साला असे कोणतेही संरक्षण नाही. तो टिकतो तो कोरडा राहिला तरच.

पाणी आत शिरते ते भोकांतून. दोर बांधण्याचे खुंटे, कठड्याचे खांब, झाकणांच्या बिजागऱ्या यांसाठी डेकला भोके पाडून बोल्ट घातलेले असतात. बोल्टभोवतीचे लांबी-लुकण काही वर्षांत कडक होऊन सुटते आणि पावसाचे पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात उतरते. बाल्साचे तुकडे तंतू उभे राहतील अशा रीतीने बसवितात, त्यामुळे पाणी आडवे सहज पसरू नये अशी अपेक्षा असते. मात्र डेकच्या वळणाप्रमाणे वाकावे म्हणून या तुकड्यांमध्ये चिरा ठेवलेल्या असतात. बांधणीच्या वेळी त्या रेझिनने पूर्ण भरल्या नसतील, तर त्याच पाण्याच्या पन्हळी बनतात. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या आत असेल तोवर बुरशीला वाव मिळत नाही. त्याहून बराच वाढला आणि तसाच टिकला की कुजणे सुरू होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी येथे अधिक घातक, कारण मीठ बुरशीला काही अंशी आवर घालते. भातसा किंवा तानसासारख्या जलाशयावर ठेवलेल्या नौकेला तेवढाही आधार नसतो.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीच्या दांड्याने डेकवर ठोकत जावे. निरोगी भागातून खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या भागातून बद्द. पायाखाली डेक दबत असेल किंवा बोल्टखालून तपकिरी पाणी ठिबकत असेल, तर शंकेला जागा उरत नाही. ओलावा मोजणारे यंत्र उपयोगी खरे, पण आत धातूचा तुकडा असला तरी ते वाढीव आकडा दाखविते. खालच्या बाजूने एक बारीक भोक पाडून निघणारा भुसा चिमटीत दाबून पाहणे अधिक विश्वासार्ह.

वरून भोके पाडून इपॉक्सी टोचण्याचा उपाय पुष्कळ जण करतात. ओल्या लाकडाला इपॉक्सी नीट चिकटत नाही आणि कुजलेले लाकूड त्यामुळे पुन्हा सशक्त होत नाही. गाभा शाबूत असून केवळ थर सुटला असेल, आणि तोही कोरडा असेल, तरच हा उपाय करावा. एरवी वरचा थर कापून उचलणे हाच मार्ग. खालून कापल्यास डेकचा पृष्ठभाग वाचतो हे खरे, पण रेझिन अंगावर गळते आणि नवा गाभा वर दाबून धरावा लागतो. बद्द आवाज संपतो त्याच्याही पुढे, कोरडे पांढरे लाकूड लागेपर्यंत जुना गाभा खरवडून काढावा. उरलेला भाग वाळविण्यात घाई करू नये. नव्या बाल्साला आधी पातळ इपॉक्सी पाजून, मग सिलिकाची भुकटी घालून दाट केलेल्या इपॉक्सीत तो बसवावा व वर वजन ठेवावे. जुना थर परत बसविताना सांध्याच्या दोन्ही कडा थराच्या जाडीच्या बारापट रुंदीत उतरत्या घासाव्या लागतात. म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला छत्तीस मिलिमीटरचा उतार. त्यावर काचकापडाचे थर चढवितात. जुन्या, पक्क्या झालेल्या थरावर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीची पकड चांगली असते. उन्हाने मात्र इपॉक्सी खराब होते, म्हणून शेवटी रंग अनिवार्य.

कोकण किनाऱ्यावर या कामाची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. जून-जुलैत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दुरुस्त्या याच काळात काढण्याची प्रथा आहे. या दिवसांत लाकूड वाळत नाही, आणि दमट हवेत पक्क्या होणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर साचतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याखेरीज पुढचा थर धरत नाही. मेमधील उकाड्यात उलट प्रकार: भांड्यात जास्त मिश्रण कालवले तर ते काही मिनिटांत तापून दगड होते, प्रसंगी धूरही निघतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत योग्य, पण नौका चालविण्याचाही हंगाम तोच.

लाकडी गाभा म्हणजे चुकीची बांधणी, असे मात्र नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ लाकडी गाभ्याला फायबरग्लास चढवून केलेली आहे. तिच्यावरूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाणी गाभ्यापर्यंत पोहोचू न देणे, एवढाच प्रश्न असतो. त्यासाठी बोल्टचे भोक आधी मोठे पाडावे, आतला गाभा कडेने दहा-बारा मिलिमीटर कोरून काढावा, ती पोकळी दाट इपॉक्सीने भरावी आणि ती पक्की झाल्यावर तिच्यातून बोल्टचे भोक पाडावे. मग लुकण सुटले तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. ज्या छोट्या होड्यांच्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात, तिथेही आत प्लायवूड असल्यास हीच रीत लागू पडते. उलट तिथे ती अधिक निकडीची, कारण इंजिनाचा सगळा भार आणि हादरे त्या चार भोकांवरच येतात.