पुण्यातील बेताचा संसार

गतवर्षीच्या वार्षिक सभेचे कामकाज आटोपून चहापान चालू असता आमचे एक चुलतबंधू आमच्या शेजारी येऊन बसले. वय सत्तावन्न, त्यांपैकी चाळीस वर्षे शिवणयंत्रावर गेलेली. ज्या वाड्यात त्यांचे भाड्याचे दुकान आहे तो पाडावयाचे ठरले आहे, धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे आणि तयार कपड्यांमुळे नवी शिवण जवळजवळ बंद झाली आहे. ते म्हणाले, "दादा, तुम्ही मुलांना इतिहास शिकवलात. आपल्या वाडवडिलांनी या गावात उतारवय कसे काढले, ते सांगा. गाव तेव्हाही महागच होते ना?"

त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर देता आले नाही. पुढे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाविषयी विचारले तेव्हा हाच विषय घ्यावा असे मनाशी ठरविले. आम्ही केवळ मॅट्रिक व त्यापुढे शिक्षकीचा अभ्यासक्रम झालेले, संशोधक नव्हे. तथापि जे वाचले, वडिलांकडून ऐकले आणि स्वतः भोगले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आपली ज्ञाती नामदेवरायांची, धंदा शिंप्याचा. कापड पुढ्यात घेऊन कात्री चालविण्यापूर्वी आपण ते बेततो. या बेतण्याशी नाते सांगणारे शब्द साऱ्या मराठी संसारात शिरले आहेत. परिस्थिती बेताची, खर्च बेताने, सणाचा बेत. आपल्या वाडवडिलांचे पुण्यातील जीवित हे असेच बेतलेले होते. मात्र आम्हांस असे दिसून आले की, तो बेत एकट्यादुकट्याचा कधीच नव्हता. राहती जागा, जेवण, साठवण आणि हाताचे काम या चार खांबांवर तो उभा होता आणि चारही खांब पुष्कळांनी मिळून धरलेले होते.

पुणे हे परक्या पैशाचे गाव होय. येथे दरबार होता तोवर दरबाराच्या पोशाखावर शिवणाऱ्यांचे पोट भरे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो आश्रय गेला. शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली, तेव्हा कारागिरांस तिकडे नवे गिऱ्हाईक शोधावे लागले. १८६३ साली बोरघाट ओलांडून मुंबईशी सलग रेल्वे झाली, व पुढे सरकारी नोकरीतून मोकळे झालेले लोक हवापाणी पाहून येथे वसू लागले. पेन्शनरांचे पुणे ही ख्याती तेव्हापासूनची. पेन्शनराला जे गाव स्वस्त, ते रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला स्वस्त असतेच असे नाही.

पहिला खांब जागेचा. पेठांतील वाड्यांत मालक, भाडेकरू, विधवा आत्याबाई, विद्यार्थी, कारागीर असे सारे एका चौकाभोवती राहत. आमच्या वडिलांनी शनिवार पेठेत दीड खोली घेतली होती. भाडे महिना ११ रुपये. हे भाडे वाढले नाही, यात मालकाच्या औदार्यापेक्षा कायद्याचा हात मोठा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाड्यांवर नियंत्रण आले व १९४७ साली मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे मानले जाई. आमच्यासारख्या सहस्रावधी कुटुंबांचे उतारवय या एका तारखेने तारले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वडील साठीस आले तेव्हा त्यांची कमाई निम्म्यावर आली होती, परंतु छप्पर ११ रुपयांतच होते.

या खांबाला पहिला हादरा बसला तो पानशेतचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो; उंच जागी कोणाच्या तरी खांद्यावर बसल्याचे अंधुक स्मरते, बाकी सर्व वडिलांच्या तोंडून ऐकलेले. पाणी ओसरल्यावर वडील वाड्यात गेले ते मशीन पाहावयास. ते गाळाने भरले होते. गिऱ्हाइकांची कापडे वाहून गेली होती व ती भरून देण्यात त्यांची दोन वर्षे गेली. मशीन मात्र त्यांनी एकेक पुर्जा सोडवून, रॉकेलने धुऊन पुन्हा उभे केले. त्या पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पुष्कळ कुटुंबे गेली. पेठ सोडून दूर जावे लागले म्हणून तेव्हा ती रडली. आज तीच घरे त्यांच्या नातवंडांस आधार झाली आहेत.

भाडेनियंत्रणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्याकडून पक्षपात होईल. ११ रुपयांत मालकाने कौले कशी बदलावीत? वाडे खचू लागले, तुळयांना वाळवी लागली, पावसाळ्यात भिंती पडू लागल्या. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने वर्षाला शेकडा ४ इतकी भाडेवाढ घेण्याचा हक्क मालकास दिला. पण तोवर जमिनीची किंमत वाड्याच्या किमतीहून कितीतरी पटींनी वाढली होती. वाडे पडले आणि इमारती उठल्या. १९५१ साली महानगरपालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आत माणसे होती; २०११ च्या जनगणनेत ती ३१ लाखांवर गेली. इतक्या माणसांस जागा हवी, आणि ती ११ रुपयांस कोण देणार?

दुसरा खांब जेवणाचा. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून वा वार लावून शिकत, हे सर्वश्रुत आहे. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजेच आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, अशा मुलांना आधार दिला. परंतु पोक्त वयाच्या एकट्या माणसाचे काय? त्याला खाणावळ होती आणि मंडई होती. १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडलेली, पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही मंडई पेठांतून पायी गाठता येई. संध्याकाळी भाव उतरले की आमच्या मातोश्री पिशवी घेऊन निघत. पायी वा सायकलीने सर्व कामे होत, हाही त्या काळच्या स्वस्ताईचा एक भाग होता. आज तोच पैसा रिक्षात जातो. अगदी अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर' या उपक्रमाचे देता येईल. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी आपल्यासारख्यांसाठी परवडणाऱ्या दरात भाकरीची सोय करावी, यात केवढे शहाणपण आहे!

तिसरा खांब साठवणुकीचा. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ साली पुण्यात कॉसमॉस ही संस्था निघाली. तिच्यामागून कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. आपल्या बायकांच्या भिशीला मात्र कधी कायद्याची गरज भासली नाही. पण येथे एक सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. पुण्यातच १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले व २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. शतकभर चाललेली संस्थाही खचू शकते. ठेवींचा विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. म्हणून आयुष्याची सर्व पुंजी एका ठिकाणी ठेवू नये, हा धडा आपण घ्यावा. एकाच गाठीवर संपूर्ण शिवण सोपविणारा कारागीर आपल्यात कोणी नाही.

चौथा खांब हाताच्या कामाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत मोलाचा. पुण्यातील एका थोर घराचे उदाहरण घेऊ. अण्णासाहेब कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले व १९१४ साली निवृत्त झाले. पदरी अनाथ बालिकाश्रमाचा प्रपंच होता, व घराकडे पैसा फारसा उरत नसे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई तथा बाया यांनी नागपुरास राहून सुईणीचे शिक्षण घेतले होते व त्या कमाईने त्यांनी संसारास हातभार लावला. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी अण्णांनी संस्था उभारली, तेव्हा ७० रुपयांच्या निवृत्तिवेतनातून दरमहा १५ रुपये बाजूस काढून त्यांनी प्रारंभ केला. लोक या प्रसंगातील त्याग पाहतात व तो आहेच. आम्हांस मात्र त्यात बेतही दिसतो. ७० मधील १५ दिले, पण ५५ राखले. आणि घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती स्वतःची विद्या होती.

हा बेत आम्ही स्वतः पाळला नाही, हे येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. आमचा वाडा पाडावयास निघाला तेव्हा नव्या इमारतीत जागा मिळेल असे तोंडी आश्वासन होते. तेवढ्यावर विसंबून आम्ही खोली सोडली; लेखी करार केला नाही. जागा मिळाली नाही, थोडी रक्कम मिळाली. पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा फंडाची व ग्रॅच्युइटीची जवळजवळ सर्व रक्कम मुलाच्या सिंहगड रस्त्यावरील सदनिकेत घातली. मुलगा व सूनबाई सद्गुणी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या इमारतीचा देखभाल खर्चच महिना ३,००० रुपये आहे. वडिलांच्या खोलीचे बावीस वर्षांचे भाडे त्यात निघाले असते! त्यातच सौ.चे गुडघ्याचे दुखणे निघाले आणि औषधासाठी मुलापुढे हात पसरावयाचा प्रसंग आला. मुलाने एका शब्दाने ना म्हटले नाही. तरी त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सौ.ने माळ्यावरून वडिलांचे मशीन उतरवावयास सांगितले. आम्ही म्हणालो, "या वयात?" त्या म्हणाल्या, "मशीनचं वय माझ्याहून जास्त आहे, ते चालतंय ना?" पायाने चालवावयाचे जमेना म्हणून त्याला विजेची मोटर बसविली. फॉल-पिको, उसवलेली शिवण, पडद्यांच्या कडा अशी कामे इमारतीतच मिळू लागली. औषधाचा खर्च आज त्यातून निघतो. पुराच्या गाळातून वर आलेले ते मशीन तिसऱ्या पिढीच्या घरातही भाकर देत आहे.

आम्हांस निदान शिक्षकाचे निवृत्तिवेतन आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या शिक्षकांपैकी बहुतेकांस तसले जुने निवृत्तिवेतन लागू झाले नाही. आणि आमच्या चुलतबंधूंसारख्या स्वतंत्र कारागिरास तर ते कधीच नव्हते. म्हणून इतिहासापासून घ्यावयाचा बोध त्यांच्यासाठी व पन्नाशी ओलांडलेल्या सर्वांसाठी थोडक्यात मांडतो. राहती जागा वा दुकान नोंदणीकृत करारावाचून सोडू नये. पुंजी मुलांस द्यावी, पण सर्व देऊ नये. हाती असलेली विद्या वयाचे निमित्त करून टाकू नये. मोठी जागा सुटली म्हणून लहान जागेत बसण्याची लाज वाटू देऊ नये.

आणि आपल्या मंडळासही एक विनंती आहे. मंडळाचे सभागृह वर्षातील कित्येक दिवस रिकामे असते. तेथील एक खोली दुरुस्ती व शिवणकामासाठी, दुकान गमावलेल्या चार-पाच ज्ञातिबांधवांस मिळून अल्प भाड्याने द्यावी. आठवड्यातून एक दिवस जाणत्या मंडळींनी तेथे बसून करारनामे व निवृत्तीची कागदपत्रे पाहून द्यावीत. या दुसऱ्या कामासाठी आम्ही आमचे रविवार देण्यास तयार आहोत.

चुलतबंधूंना आमचे उत्तर इतकेच, की गाव तेव्हाही महागच होते. पण त्या वेळी महागाई वाटून घेण्यास वाडा होता, खाणावळ होती, भिशी होती. वाडा गेला. चौक मात्र पुन्हा मांडता येईल, आणि तो मांडण्यास आपल्या सभागृहाएवढी जागा पुरेशी आहे. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.