तेरड्याचा प्रयोग

तेरड्याचा प्रयोग : वनस्पतीच्या अंगात पाणी कसे चढते ते मुलांना डोळ्यांनी दिसावे म्हणून शाळेत केला जाणारा प्रयोग. तेरड्याचे खोड रसदार व बरेचसे पारदर्शक असते, म्हणून लाल पाण्यात ठेवलेल्या फांदीत रंग चढताना बाहेरूनच दिसतो. पावसाळ्यात महाराष्ट्रात तेरडा कुठेही उगवतो, काही घरी तर त्याच्याच गौरी बसवतात. साहित्याला पैसे पडत नाहीत. एरवी निशिगंधाची काडी चालते, पण तिथे रंग एकदम पाकळ्यांतच उमटतो आणि वाट झाकलेलीच राहते.

कृती सोपी आहे. खोड पाण्याखाली बुडवून तिरके कापावे. हवेत कापले तर जलवाहिन्यांत हवा शिरून पाण्याची सलग धार तुटते. मग ते इओसिन किंवा पातळ लाल शाईच्या पाण्यात उभे करून उजेडात, वाऱ्यावर ठेवावे. साधारण तासाभरात खोडात लाल रेघा दिसू लागतात. आडवा काप घेतला की लाल ठिपके दिसतात. शेजारी पाने खुडलेली दुसरी फांदी ठेवावी. तिच्यात रंग फार हळू चढतो. वेळ वाचवायला हीच फांदी गाळली जाते, आणि प्रयोगाचा गाभा नेमका तिच्यात आहे : ओढ पानांकडून येते. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते (बाष्पोच्छ्वास) आणि एकमेकांना धरून असलेले पाण्याचे रेणू खालून ओढले जातात.

रक्ताभिसरण शिकून आलेली मुले इथे झाडाचे हृदय शोधतात. त्यांना हसू नये. जगदीशचंद्र बोस यांनीही १९२३ साली खोडातील जिवंत पेशींची स्पंदने पाणी वर ढकलतात असे मांडले होते. ते मत टिकले नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी त्याआधीच, १८९१ मध्ये, विष देऊन खोडाच्या पेशी मारल्या तरी पाणी चढत राहते असे दाखवले होते. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी ओढीची उपपत्ती मांडली. जलवाहिन्यांच्या पेशी मुळात मृतच असतात.

या प्रयोगाची एक उणीव मात्र मोठी आहे. खालून वर जाणारा रंग पाहून ‘झाड मुळांनी जेवते’ हा समज उलट पक्का होतो. त्यावर व्हॅन हेल्माँट यांच्या वाळुंजीच्या झाडाचा प्रयोग सांगावा. २०० पौंड कोरड्या मातीत लावलेले ५ पौंडांचे रोप पाच वर्षांत १६९ पौंडांवर गेले, माती घटली जेमतेम दोन औंस. सगळे वजन पाण्याचे, हा त्यांचा १६४८ मध्ये छापला गेलेला निष्कर्ष अपुरा होता. पानांनी हवेतून घेतलेला कार्बन त्यांच्या हिशेबात नव्हता.

पानांत तयार झालेली साखर उतरते ती सालीलगतच्या रसवाहिन्यांतून. ती वाट पाहायला शाईचा उपयोग नाही, रोपवाटिकेत जावे. डाळिंबाचे गुटी कलम करताना माळी फांदीची साल कड्यासारखी काढतो. पाने कोमेजत नाहीत, कारण आतल्या लाकडातून पाणी चालूच असते. पण खाली जाणारे अन्न कड्याच्या वरच्या कडेशी अडते आणि मुळे तिथेच फुटतात.

उरतो या अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा प्रश्न. मराठीत श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे शब्द इतके जवळचे आहेत की मुले दोन्ही एकच धरतात. श्वासोच्छ्वास म्हणजे हवेची ये-जा. श्वसन म्हणजे पेशीत साखरेचे विघटन होऊन ऊर्जा मोकळी होणे, आणि ते झाडात रात्रीच नव्हे, दिवसाही चालते. श्वसन दाखवायला मोड आलेली मटकी पुरते. फडक्यात बांधलेल्या मटकीत हात घातला की ऊब लागते. थर्मासमध्ये मटकी व तापमापी ठेवून तोंड कापसाने बंद केले की पारा चढलेला दिसतो. थर्मासमधला वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर ती दुधाळ होते.

तुलनेसाठी दुसऱ्या थर्मासमध्ये उकडलेली मटकी ठेवतात. ती जंतुनाशकात बुडवून घेतली नाही तर दोन-तीन दिवसांत तीही गरम होते. प्रयोग फसला म्हणून ती टाकून देऊ नये : ती ऊबही श्वसनाचीच, फक्त मटकीच्या नव्हे, तिच्यावर वाढलेल्या जंतूंच्या.