माहेरच्या नावाचे टाके

मुलींनी टाके शिकताना भरलेला नमुन्याचा कपडा म्हणजे सॅम्प्लर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉकने भरलेला १५९८ सालचा आहे. आपल्या मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. मिशनच्या शाळांत वाचनाबरोबर शिवणही असे.

विलायतेत हौशी लोक असे तुकडे मोल देऊन जमवतात. आपल्याकडे ते आजीच्या ट्रंकेत, तळाशी! हाती लागला तर फुलीच्या टाक्याने भरलेलं नाव नीट वाचा. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, की माहेरचं मागे पडे. काही घरांत ते फक्त या दोऱ्यात उरलंय.

कपडा धुऊ नका, कच्चा रंग पसरतो. डांबरगोळ्याही नकोत, जीव मरतात. मलमलीत गुंडाळा, अधूनमधून सावलीत वारा द्या.